बाबांचा एक्केचाळीस नंबर

बाबांच्या पायाचा नंबर किती, यावरून मी आणि माझा धाकटा भाऊ अकरा दिवस एकमेकांशी बोललो नव्हतो. तसंही आई गेल्यापासून आमचं बोलणं कमीच झालं होतं. तो एका प्रवासी बोटीवर स्वयंपाकघरात कामाला, आज या बंदरात तर परवा त्या. मी दिचोलीच्या एका कचेरीत जमिनीच्या नकाशांवर. दोघंही तापट, आणि दुसराच जास्त तापट आहे याबद्दल दोघांचीही खात्री.

बाबांनी खाणीवर तीस वर्षं टिपर चालवला, तोही रबरी सपाता घालून. घरी, माडापोफळींच्या कुळागरात, बाजारात, सगळीकडे एकतर सपाता नाहीतर अनवाणी. मग साखर निघाली, ती वाढत गेली, आणि डॉक्टरांनी सांगून टाकलं, "उघड्या पायांनी फिरणं आजपासून बंद. बूट घालायचे, आतून मऊ. एक जखम चिघळली की आधी बोट जाणार, मग पाऊल." कुठपर्यंत जाईल ते नीट कळावं म्हणून त्यांनी बाबांच्या पायावर बॉलपेनने रेघसुद्धा मारली. घरी आल्यावर बाबा ती रेघ साबण लावून घासत बसले.

ते घाबरले होते. बांद्याचा त्यांचा एक जुना जोडीदार ड्रायव्हर होता, त्याचा पाय गुडघ्याखाली काढलेला. बाबा त्याला भेटून आले त्या दिवशी जेवले नाहीत. बाबांचा पाय शाबूत राहिला पाहिजे, एवढी एकच गोष्ट मी त्या वर्षी देवाकडे मागितली. बाकी काही मागायला मला वेळच नव्हता.

दिचोलीच्या दुकानदाराने बाबांच्या सपातांकडे नुसतं बघून "आठ" म्हटलं. पेडण्याच्या दुकानदाराने बाबांच्या तोंडाकडे बघून "सात" म्हटलं. दोघांकडेही लग्नात घालायचे टोकदार बूट होते, आणि बाबांचं लग्न होऊन चाळीस वर्षं झाली होती. शेवटी मी भावाला फोन केला. तो म्हणाला, "साखरवाल्यांचे खास बूट इथे प्रत्येक बंदरात मिळतात, ताई. तू फक्त माप पाठव."

आमच्याकडे पायाचं माप हिराने घेतात. माडाच्या झाडूतला एक हीर ओढायचा, टाचेपासून अंगठ्यापर्यंत धरायचा, पुढे एक बोट जागा सोडायची आणि मोडायचा. हे वाढीचं बोट. लहानपणी आमच्या सगळ्या चपला या बोटाने आल्या आणि दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत चालल्या. बाबांनी सवयीने स्वतःचा हीर मोडला, बोटाची जागा सोडून. मी तो पट्टीवर मोजला आणि उगाच कमी पडायला नको म्हणून त्यात एक बोट घालून भावाला कळवला. भावाने दुकानात जाऊन, शहाण्याने, आणखी एक बोट घातलं.

तिकडून फोटो आला. दुकानातला तक्ता होता, त्यात एकाच पायाचे चार नंबर: युरोपचा वेगळा, इंग्लंडचा वेगळा, अमेरिकेचा वेगळा आणि जपानचा चक्क सेंटिमीटरमध्ये. खाली भावाने लिहिलं होतं, "बाबांचा युरोपचा नंबर एकोणपन्नास येतो. या दुकानात अठ्ठेचाळीसच्या पुढे नाहीत."

बाबांची उंची पाच फूट चार इंच.

मग कोणाचं बोट जास्तीचं यावरून जुंपली. मी म्हटलं, तुला डोकं आहे की नाही? तो म्हणाला, डोकं आहे म्हणून तर घरापासून लांब राहतो. मी फोन आपटला. त्यानंतरचे ते अकरा दिवस. बाबा रोज संध्याकाळी विचारायचे, "फोन इलो काय गो?" मी म्हणायचे, बंदर लागलं नसेल.

बाराव्या दिवशी मी कामाला लागले. कचेरीत बसून सगळी पद्धत समजून घेतली. इंग्रजांचा नंबर जवाच्या दाण्याने वाढतो, एक दाणा म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा. युरोपचा नंबर वाढतो सेंटिमीटरच्या दोन तृतीयांशाने. एवढ्या मोठ्या देशांना एक पट्टी ठरवता येऊ नये! आमच्या पेडण्यात नणंद-भावजयसुद्धा याहून लवकर समेट करतात.

संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, बाबांना भिंतीला टाच लावून वर्तमानपत्रावर उभं केलं. पेन्सिल सरळ धरली. दोन्ही पाय घेतले, कारण डावा मोठा असतो, आणि होताच. पंचवीस पॉइंट आठ सेंटिमीटर. युरोप एक्केचाळीस, इंग्लंड सात, अमेरिका आठ.

"बोट ठेव गो," बाबा म्हणाले.

"बोट नाही. तू काय आता वाढणार आहेस?"

"माका आपला वाटता."

"वाटण्यावर माप चालत नाही, बाबा."

भावाला मी एक ओळ लिहिली: एक्केचाळीस, आणि स्वतःचं बोट स्वतःकडे ठेव. त्याने हसल्याचं चित्र पाठवलं. मग फोन केला. मग रोजच करायला लागला. काळे घेऊ की तपकिरी, पट्ट्याचे की नाडीचे? आज याचा भाव असा, उद्या त्या बंदरात बघतो. एकदा आईच्या हातच्या खतखत्यात कोणत्या भाज्या असायच्या ते विचारत बसला, अर्धा तास. बाबा शेजारच्या कदेलावर, त्यांच्या जुन्या खुर्चीवर, बसून दोघांचं ऐकायचे आणि मध्येच म्हणायचे, "तपकिरी सांग."

तपकिरी बूट केरीच्या एका खलाशासोबत आले. तो सुट्टीवर येत होता. मोपाच्या विमानतळावर जाऊन मी खोका घेतला आणि स्कूटरवर पायांत ठेवून आणला. बाबांनी बूट घातले, उभे राहिले, ओसरीवर एक फेरी मारली. फोनच्या पडद्यावरून भाऊ बघत होता.

"दुखता खंय?" मी विचारलं. बूट बसतो की नाही ते ठरवायची आमच्याकडे हीच एक रीत आहे.

"छे! एकदम बेस. कायेक दुखणा नाय."

मी भावाकडे बघितलं. जिंकल्याचा आनंद मी लपवला नाही. त्याने हात जोडले आणि म्हणाला, "ताई, मानलं तुला."

तीन आठवडे बाबा ते बूट घालून सगळीकडे हिंडले. पाव घेऊन येणाऱ्या पदेराला दाखवले, देवळाच्या पायरीवर इतरांच्या सपातांपासून वेगळे काढून ठेवले. एका रविवारी ते कुळागरातून आले, मोजा काढायला लागले तर तो करंगळीपाशी अडकला. त्यांनी ओढला. मोज्याबरोबर कातडी आली.

करंगळीच्या बाहेरच्या बाजूला रुपयाएवढी जखम होती, कडेने काळी. वास येत होता. मी किंचाळले. बाबा वाकून त्या पायाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ह्या कधी झाला?"

बूट लांबीला बरोबरच होता. पण बाबांचा पाय पुढून फताडा, जन्मभर सपातांत मोकळा पसरलेला, आणि बूट अरुंद. त्या तक्त्यातले चारही देशांचे नंबर फक्त लांबी सांगत होते. मी जमिनीचे नकाशे काढणारी बाई. नुसत्या लांबीवरून जागा कळत नाही हे लोकांना दिवसातून दहा वेळा सांगते. आणि बापाच्या पायाची मी फक्त लांबी घेतली. त्यांचं ते एक बोट राहू दिलं असतं तर दोन-तीन नंबर मोठा बूट आला असता, ढगळ असता, पण करंगळी सुटली असती. हे मी अजून भावाला सांगितलेलं नाही, पण सांगणार आहे.

डॉक्टर रागावले नाहीत, त्याचीच मला भीती वाटली. त्यांनी बाबांना टेबलावर निजवलं, डोळे मिटायला सांगितलं आणि नायलॉनचा एक जाड दोरा घेतला. "मी हा तळपायाला टेकवीन. कळलं की हो म्हणा."

टाच. "हो," बाबा म्हणाले. अंगठा. "हो." चवड्याच्या मध्ये. "हो." मला जरा धीर आला.

मग डॉक्टरांनी दोरा टेबलावर ठेवला आणि हात पाठीमागे घेतले.

"हो," बाबा म्हणाले. थोडं थांबून पुन्हा, "हो."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. ते हळू आवाजात म्हणाले, "करंगळी काढावी लागेल. पाऊल वाचवू."

बाहेर बाकावर बसल्यावर माझा ताबा सुटला. "कधीपासून कळत नाही तुला?"

"झाले दोन पावसाळे."

"आणि बूट घातलेस तेव्हा एकदम बेस म्हणालास! कळतच नव्हतं तर म्हणालास कशाला?"

बाबा गुंडाळलेल्या पायाकडे बघत होते. "तुमी दोघांय किती दिसांनी बरी बोलत होतात," ते म्हणाले. "परत नंबरावरून झगडला असतात."

मला तिथंच रडू फुटलं. चार माणसं बघत होती, बघू देत म्हटलं. बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि खरोखरच काही न कळून विचारलं, "रडतंस कित्याक गो? माका खंय काय दुखता?"