तळ्याच्या मध्यावर बंद पडणारं मशीन

१६ नोव्हेंबर २०२४, शनिवार. रुपये दोन हजार तीनशे साठ. देवनहळ्ळीच्या अलीकडे आमची वसाहत आहे. तिच्या तळ्याची जी समिती आहे, तिच्या खात्यातून मी त्या दिवशी होडीच्या मोटारीच्या दुरुस्तीचे हे पैसे दिले. रविवारी सकाळी गुंडूरावांनी होडी पाण्यात घातली. तळ्याच्या मध्यावर जाऊन मोटार बंद पडली.

ही मोटार होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवलेली असते. दोरी ओढून ती सुरू करायची. पेट्रोलची लाल टाकी वेगळी, होडीच्या तळाशी ठेवलेली. टाकीतून नळी येते आणि नळीच्या मध्ये रबराचा एक गोळा असतो. तो दाबून पेट्रोल पुढे ढकलायचं. गुंडूराव या सगळ्याला मिळून ‘मशीन’ म्हणतात. जलपर्णीच्या गठड्या ओढून काठाला आणायच्या, हे त्या मशीनचं काम.

गुंडूराव मल्लेश्वरमच्या जुन्या मराठी घरातले. वडिलांचं फुलांचं दुकान होतं. ते भावाकडे गेलं आणि हे एका रेशीम व्यापाऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर झाले. पुढे त्याच व्यापाऱ्याने गावाबाहेर हौसेने बोटिंग क्लब काढला, तेव्हा गाडीतून उतरून होडीत बसले. क्लब बंद पडला. आमच्या समितीने त्याची एक होडी आणि हे मशीन विकत घेतलं, आणि त्यांच्यामागून गुंडूराव आले. तळ्याच्या बांधाखाली पंपघराला लागून दोन खोल्या आहेत. त्यात ते आणि त्यांच्या पत्नी सावित्रीबाई राहतात. खोल्या कामाबरोबरच्या आहेत. काम गेलं की खोल्या गेल्या.

आणि काम जायच्या बेतात होतं. आमचे अध्यक्ष वासुदेव पुण्याहून येऊन मारतहळ्ळीच्या कंपनीत बरीच वर्षं काढलेले गृहस्थ. माणूस वाईट नाही, पण त्यांना दम धरवत नाही.

“गुंडूराव, मी स्पष्ट बोलतो,” ते त्या रविवारी काठावर म्हणाले. “दसऱ्यापासून हेच चाललंय. रिलायबिलिटी नाही. इलेक्ट्रिक बोटवाला माझ्या मागे लागलाय. बोट त्याची, माणूसही त्याचाच. पुढच्या रविवारी मी स्वतः बसतो होडीत. न थांबता दोन फेऱ्या झाल्या तर मार्चपर्यंत विषय बंद. नाहीतर त्याला हो म्हणतो.”

“सरी, सर. ठीक आहे,” गुंडूराव म्हणाले. एवढंच.

मागे सावित्रीबाई उभ्या होत्या. “मशीनला यांचीच सवय लागलीय,” त्या मला म्हणाल्या. “स्वल्प चाललं की बसावं वाटतं.”

“तू गप बस की गं.”

“मी गपच आहे. बोलतंय कुठे तुमचं मशीन?”

मी समितीचा खजिनदार. यंत्रातलं मला काही कळत नाही. पण पैसे देऊनही काम झालं नाही की मला चैन पडत नाही. गुंडूरावांनी तो आठवडा जे जे करायचं ते केलं. जुनं पेट्रोल काढून नवं भरलं, त्यात ऑइल पुन्हा मापून मिसळलं. स्वतःच्या पैशाने नवे स्पार्क प्लग आणून बसवले. मशीन पहिल्या ओढीला सुरू व्हायचं, होडी छान जायची, आणि निलगिरीचं वाळलेलं खोड पाण्याबाहेर दिसतं तिथवर गेली की इंजिन धापा टाकून बंद. मग कितीही दोरी ओढा, नाही म्हणजे नाही. थोड्या वेळाने पुन्हा सुरू, जसं काही घडलंच नाही.

शनिवारी दुपारी मी म्हटलं, “मला बसवा होडीत.”

“तुम्हाला पोहता येतं काय, गिरीधरअण्णा?”

“नाही.”

“मग जॅकेट घट्ट बांधा. मला दोन कामं नकोत.”

होडी खोडापाशी पोचली आणि मशीन बंद पडलं. तळं एकदम शांत झालं. दूर विमानतळाकडे एक विमान उतरत होतं, तेवढाच आवाज. गुंडूरावांनी दोरी ओढली, पुन्हा ओढली. मशीनवर हात उगारला नाही, शिवी दिली नाही. क्लबमध्येही म्हणे त्यांनी कधी मशीनला लाथ मारू दिली नव्हती. एका बड्या गिऱ्हाइकाला त्यावरून होडीतून उतरवलं होतं. ते खाली वाकले, टाकीचं झाकण फिरवून आत बघितलं, झाकण लावलं, रबरी गोळा दाबला. दोरी ओढली. सुरू!

“बघा. आता काय म्हणायचं याला?”

थोडं पुढे जाऊन ते पुन्हा बंद पडलं. पुन्हा तेच. झाकण, गोळा, दोरी, सुरू.

“गुंडूराव, ते झाकण का उघडता?”

“पेट्रोल आहे का बघायला.”

“आत्ताच तर बघितलं होतं.”

“सवय की हो. बंद पडलं की पेट्रोल बघायचं.”

“दुरुस्तीच्या दुकानात हे चाललं होतं ना?”

“अर्धा तास! नुसतं पळत होतं. त्यांनी ड्रममध्ये पाणी भरून चालवलं.”

“या टाकीवर?”

“नाही, टाकी मी नेलीच नव्हती. त्यांची होती.”

आमच्या हिशेबात बेरीज चुकली तर आम्ही तपासलेले आकडे सोडून न तपासलेल्यांकडे जातो. मी टाकीकडे बघत राहिलो. गुंडूरावही बघायला लागले. रबरी गोळा आतून कुणी ओढून घेतल्यासारखा चपटा झाला होता. त्यांनी तो बोटाने टोचला. मग कान टाकीजवळ नेऊन झाकण हळूच सैल केलं.

फुस्स असा आवाज झाला आणि गोळा आपोआप फुगला.

“अय्यो,” गुंडूराव म्हणाले.

त्यांनी झाकण काढून तळहातावर घेतलं. झाकणाच्या मधोमध कुंकवाचा टिळा होता, रुपयाएवढा आणि चांगला जाड. दसऱ्याच्या आयुधपूजेला त्यांनी मशीन धुऊन पुसून झेंडूचा हार घातला होता, लिंबू ठेवलं होतं, कोहळा फोडला होता, आणि टाकीला टिळा लावला होता. त्यानंतर दर शुक्रवारी उदबत्ती ओवाळून त्याच जागी पुन्हा ओलं कुंकू. जुन्या झाकणालाही ते असाच टिळा लावत. पण त्या झाकणाला हवेसाठी एका बाजूला स्क्रू होता. ते झाकण गणपतीच्या सुमाराला तडकलं, म्हणून नवं आणलं. नव्याला स्क्रू नाही. मधोमध सुईएवढं भोक आहे, त्यातून हवा आत जाते. पेट्रोल जसं संपत जाईल तशी हवा आत गेली पाहिजे. ती जात नव्हती.

“दुकानदार म्हणाला होता, याला स्क्रू नको, हवा आपली आपण घेतं,” गुंडूराव म्हणाले. “मी म्हटलं, बरं झालं, एक काम कमी.”

मी खिशातून पेन काढलं. “द्या इकडे, टोकाने मोकळं करतो.”

त्यांनी झाकण मागे घेतलं. “असं नाही करायचं. पूजेचं आहे ते.”

मग आम्ही काठावर आलो. त्यांनी हातपाय धुतले, झाकणाला नमस्कार केला आणि ओल्या फडक्याने कुंकू भिजवून भिजवून काढलं. सावित्रीबाईंनी केसातली पिन दिली. भोकातून लाल चिखल निघाला.

सावित्रीबाई कॉफीचे पेले घेऊन उभ्याच होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे दर शुक्रवारी तुम्ही त्याचं नाक दाबत होता.”

“भक्तीने केलं गं.”

“भक्तीनेच तर. रागाने केलं असतं तर एकदाच केलं असतं.”

गुंडूराव हसले नाहीत. पेला हातात तसाच धरून ते खोल्यांच्या दाराकडे बघत होते. “अण्णा,” ते म्हणाले, “उद्या बंद पडलं तर हेच सांगायचं का मी सरांना? की मी पूजा करून करून बंद पाडलं?”

“उद्या बंद पडणार नाही.”

“तुम्हाला यंत्रातलं काय कळतं?”

“काहीच नाही.”

तेव्हा ते हसले.

रविवारी वासुदेव जॅकेट घालून होडीत बसले. मी आणि सावित्रीबाई काठावर. गुंडूरावांनी निघण्यापूर्वी कुंकवाची पुडी काढली आणि टिळा लावला, पण झाकणाला नाही, टाकीच्या अंगाला, खाली.

“हे रोज करता?” वासुदेवांनी विचारलं.

“शुक्रवारी. आज मात्र लावतो.”

होडी निघाली. खोडापाशी आली तेव्हा सावित्रीबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं. आवाज तसाच राहिला. होडी खोड ओलांडून पलीकडच्या बांधाला वळली, परत आली, दुसऱ्या फेरीला गेली. दुसरी फेरी संपताना, पुन्हा त्याच खोडाजवळ, आवाज थांबला.

“मेलं,” सावित्रीबाई म्हणाल्या.

पण गुंडूराव वाकले नाहीत. झाकणाला हात लावला नाही. उभे राहून त्यांनी एकदाच दोरी ओढली, आणि मशीन सुरू झालं. त्यांनी ते मुद्दाम बंद केलं होतं.

“मला वाटलं, गेलं!” उतरल्यावर वासुदेव म्हणाले. जॅकेटची गाठ त्यांना सुटत नव्हती. “हे कशाला केलंत?”

“चालतं ते तुम्ही बघितलं, सर. सुरू होतं तेही बघायला पाहिजे की.”

वासुदेवांनी काठावर उभ्या उभ्या त्या बोटवाल्याला फोन लावला आणि मार्चनंतर बोलू असं सांगितलं. सावित्रीबाई आत गेल्या आणि पंपघराच्या भिंतीला टेकवून ठेवलेली रिकामी खोकी एकेक करून मोडायला लागल्या. ती कशासाठी आणली होती ते मी विचारलं नाही.

मशीन आजवर पुन्हा बंद पडलेलं नाही. शुक्रवारचा टिळा टाकीच्या अंगाला असतो. स्पार्क प्लग गुंडूरावांनी बिल न घेता आणले होते, आणि बिलाशिवाय समितीच्या खात्यातून मला पैसे देता येत नाहीत. त्यांचे तीनशे चाळीस रुपये द्यायचे राहिले आहेत.