मताला फार मोठं कुलूप

आमच्या भिवंडीच्या कॉलेजात विद्यार्थी मंडळाच्या निवडणुकीला मतंच पडायची नाहीत. पोरं उमेदवारांबरोबर फोटो काढायची आणि मतदानाच्या दिवशी कॅन्टीनमध्ये बसून राहायची. प्राचार्य कुठल्याशा परिषदेला जाऊन आले आणि म्हणाले, "यंदा ब्लॉकचेन." मी मराठी शिकवते. तरी निवडणूक अधिकारी मलाच केलं, कारण त्या मीटिंगला मी उशिरा पोचले होते.

ठाण्याहून आलेल्या तंत्रज्ञाने समजावलं. मत फोनवरून द्यायचं. ते नोंदलं की एकाच वेळी कितीतरी संगणकांवर जातं, मग कुणाला पुसता येत नाही. प्रत्येकाला बारा इंग्रजी शब्दांची गुप्त किल्ली मिळणार, ती कुणालाही दाखवायची नाही. आठवड्याभरात पोरं आपापल्या किल्ल्या चिठ्ठीवर उतरवून माझ्याकडे आणून द्यायला लागली.

"मॅम, एक चिठ्ठी तुमच्याकडे राहू द्या," निजामपुऱ्यातली एक मुलगी म्हणाली. "घरात फोन भाऊपण वापरतो."

कुणा एकाच्या हाती काही राहू नये म्हणून आणलेल्या त्या व्यवस्थेच्या बऱ्याचशा किल्ल्या अशा माझ्या कपाटात गोळा झाल्या.

मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारच्या तुकडीतली एक मुलगी आली. डोंगरपाड्यावरची, घरातली पहिलीच कॉलेजात आलेली. वडप्याच्या एका गोडाऊनमध्ये सकाळी सहा ते दोन पॅकिंग करायची आणि मग वर्गात यायची.

"मॅम, मतदान दहा ते एक हाय. आमचा फोन गेटवर जमा असतो. आम्ही नऊ जण हाव तिथं."

मी प्राचार्यांकडे गेले. ते म्हणाले, "मॅडम, ब्लॉकचेनमध्ये वेळ बदलत नसते." तंत्रज्ञाला विचारलं, तर तो म्हणाला, बदलते, पण त्यासाठी प्राचार्यांचं पत्र लागेल.

तिने पत्राची वाट पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत नऊही जण गेटवरच्या चौकीसमोर रांगेत उभे राहिले. वॉचमनने ट्रेमधून एकेक फोन द्यायचा, मत द्यायचं, फोन परत ठेवायचा.

"क्या चल रहा है?" वॉचमनने विचारलं.

"इलेक्शन," ती म्हणाली.

त्याने सुपरवायझरला कळवलं आणि सुपरवायझरने कॉलेजला फोन लावला, की तुमची मुलं इथे युनियन करतायत. प्राचार्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी हा शैक्षणिक उपक्रम असल्याचं पत्र पाच मिनिटांत टाईप करून पाठवलं. पत्र इतक्या लवकर निघू शकतं हे मला त्या दिवशी कळलं.

कॉलेजात वायफाय बंद पडलं आणि कॅन्टीनमधली मुलं कॅन्टीनमध्येच राहिली. गोडाऊनमधली नऊच्या नऊ मतं मात्र पडली.

निकालानंतर ती पुन्हा आली. "मॅम, ज्याला निवडून दिलं त्याला करता काय येतं? आमच्या चाचण्या सकाळी अकराला असतात. त्या बदलता येतील त्याला?"

मी नियमावली काढून वाचली. मंडळाने स्नेहसंमेलनाचा विषय सुचवायचा आणि पाहुण्यांचं स्वागत करायचं.

"एवढ्यासाठी एवढं मोठं कुलूप?" तिने शांतपणे विचारलं. मी तिला कोरा कागद दिला.

तिने अर्ज लिहिला. माझ्या हाताला लाल पेनाची सवय, पण त्या अर्जात मी एक काना-मात्रा बदलली नाही. तिने शिफ्टवर जाणाऱ्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या. कापडाच्या लूमवर काम करणारी मुलंही निघाली, मतदारांच्या यादीत जी कधी दिसली नव्हती. प्राचार्यांनी सह्यांची पानं उलटून पाहिली आणि चाचणी तीन वाजता ठेवली. वार्षिक अहवालात ब्लॉकचेनवर दोन पानं आली, अर्जावर एक ओळही नाही.

चाचणीच्या दिवशी ती पावणेतीनला आली. अंगात गोडाऊनचं जाकीट तसंच होतं. पहिल्या बाकावर बसली आणि शेजारणीकडे पट्टी मागितली.