टांझानियाला पाठवलेला लाउडस्पीकर

२०१४ च्या सुमारास मी ओमानमध्ये, मस्कतजवळच्या सीबला राहत होतो आणि स्टीलच्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन होतो. मूळ नगर जिल्ह्यातला, आजोबांपासून ख्रिस्ती. मस्कतला आमची एक मराठी मंडळी, म्हणजे चर्च, होती. कागदावर चाळीस घरं आणि शुक्रवारच्या, म्हणजे तिकडच्या सुट्टीच्या दिवशीच्या, उपासनेला बारा-तेरा माणसं. सगळ्या भाषांच्या मंडळ्या एकाच आवारात पाळीपाळीने हॉल वापरायच्या. आमची पाळी दुपारी चारची. आमच्या आधी आफ्रिकी लोकांची उपासना असे आणि ती वेळेवर कधीच संपत नसे. आत गाणी, टाळ्या चालू आणि आम्ही गीतपुस्तकं छातीशी धरून उन्हात उभे. बारा माणसांना आत जायचंय म्हणून दीडशे माणसांनी बाहेर पडावं, यात आम्हाला काहीच वावगं वाटत नसे.

आमचे सेक्रेटरी विमा कंपनीत मॅनेजर, मस्कतमधल्या अझैब्याला राहायचे. एका शुक्रवारी ते तक्रार करायला म्हणून आत गेले आणि बाहेर आले ते एक योजना घेऊनच. आत त्यांना टांझानियाची एक बाई भेटली होती, मंडळीच्या रिवाजाप्रमाणे सगळे तिला सिस्टर म्हणत. ती सीबमधल्या एका ओमानी घरात म्हातारीला सांभाळायची. म्हातारीचं लहानपण झांजिबारला गेलेलं, तिला स्वाहिली बोलायला कुणीतरी हवं होतं. या सिस्टरने सेक्रेटरींना सहज सांगितलं की तिच्या गावाकडे पूर्वी एक मंडळी होती, आता सहा आहेत.

"वाढताहेत, पण प्लॅनिंग नाही," सेक्रेटरी आम्हाला म्हणाले. "आपण मार्गदर्शन केलं पाहिजे."

बारा माणसांतून सात जणांची समिती नेमली गेली. तिकडे चर्चची इमारत लागेल, म्हणून नकाशा काढायचं काम माझ्याकडे आलं. माझ्याकडे सोहार औद्योगिक वसाहतीतल्या एका गोदामाचं ड्रॉइंग तयार होतं. मी त्यावर क्रूस बसवला. घाईत ट्रक लावायचा धक्का पुसायचा राहिला. समितीने नकाशा एकमताने मंजूर केला. धक्क्याबद्दल कुणी काही विचारलं नाही, मंडळीच्या एका वडीलधाऱ्या पंचांनी फक्त एसी कुठे बसणार तेवढं विचारलं.

मग माहिती घ्यायला सिस्टरला बोलावलं. सेक्रेटरींनी प्रश्नावली काढली. ती शांतपणे उत्तरं देत गेली. सुरुवात तिच्या विधवा मावशीने केली होती, आंब्याच्या झाडाखाली. कुणाकडे मयत झाली, कुणी बाळंत झालं, की मावशी पाण्याचा हंडा घेऊन जायची, चूल पेटवून मक्याच्या पिठाचं रांधायची आणि धर्माचा एक शब्द न काढता परत यायची. पुढच्या रविवारी ते घर झाडाखाली येऊन बसायचं. माणसं वाढली आणि मागच्यांना ऐकू येईना, तेव्हा मावशीने मागच्यांना उठवलं आणि आपापल्या वस्तीतल्या झाडाखाली बसायला सांगितलं.

"मावशी म्हणते, ज्यांना ऐकू येत नाही, त्यांची आता स्वतः बोलायची वेळ झाली," सिस्टर म्हणाली. अशा सहा मंडळ्या झाल्या होत्या.

सेक्रेटरींनी हे लिहून घेतलं, थोडा विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे मूळ अडचण साउंड सिस्टिमची आहे."

सिस्टर हसली. तिला वाटलं, ते गंमत करताहेत.

ती रजेवर निघाली तेव्हा आम्ही तिच्यासोबत बॅटरीवर चालणारा लाउडस्पीकर आणि दोन माइक दिले. खोका मी स्वतः बांधला, वर आमच्या मंडळीचं नाव ठळक अक्षरांत चिकटवलं. सेक्रेटरींनी खोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली.

दोन महिन्यांनी ती परतली. मोबाइलवर एक फोटो होता. पूर्वी कधी नव्हती एवढी गर्दी एका झाडाखाली. आमच्यातल्या काहींचे डोळे पाणावले. सेक्रेटरींनी तो फोटो वार्षिक अहवालात पहिल्या पानावर घेतला.

सभा संपल्यावर ती आणि मी खुर्च्या लावत होतो, तेव्हा तिने उरलेलं सांगितलं. आवाज टेकडीपलीकडे जायचा, म्हणून सहाही झाडांखालची माणसं एकाच झाडाखाली आली. म्हाताऱ्यांना तेवढं चालवेना, ते घरी राहिले. पाच झाडांखाली ज्या बायका बोलायच्या, त्या मागे गप्प बसू लागल्या. माइक गावच्या शाळामास्तरांच्या हाती गेला आणि ते दोन-दोन तास सोडत नव्हते. एका घरी मयत झाली तेव्हा पाणी घेऊन कुणीच गेलं नाही, सगळे मास्तरांचं ऐकत होते. तेव्हा मावशीने लाउडस्पीकर बाजारातल्या मक्याच्या गिरणीला देऊन टाकला. आता त्यावर कुणाचं पीठ तयार झालं ते पुकारतात.

"खलास. परत आपापल्या झाडाखाली," ती म्हणाली.

मावशी आमच्यावर रागावली का, असं मी विचारलं.

"नाही. तिने एवढंच विचारलं, त्या भावांच्या मंडळीत सध्या आजारी कोण आहे? मला सांगता आलं नाही."

मलाही आलं नसतं. घरी येऊन मी चाळीस घरांची यादी काढली आणि फोन लावत बसलो. निम्मे लोक कधीच देश सोडून गेले होते. जालन्याकडचा एक वेल्डर मात्र सोहारला कामगारांच्या कॅम्पात पाय मोडून पाच आठवडे पडून होता. गैरहजेरीमुळे त्याचं नाव कमी करायच्या ठरावावर माझीही सही होती.

पुढच्या शुक्रवारी उपासना सोडून बायको आणि मी कोंबडीचा रस्सा आणि भाकरी घेऊन सोहारला गेलो. त्याने पडल्या पडल्या आमच्याकडे पाहिलं.

"सलाम, भाऊ. रजिस्टर आणलंय?"

मी डबा पुढे केला. त्याच्या खोलीतला रत्नागिरीकडचा मुसलमान स्टोअरकीपर पाच आठवडे त्याला उचलून आंघोळीला नेत होता. आम्ही चौघं जेवलो. ओमानमध्ये चर्चच्या आवाराबाहेर जमून प्रार्थना करायची परवानगी नव्हती, म्हणून केली नाही. नुसता चहा प्यायलो आणि त्याच्या पायाबद्दल, त्याच्या लेकीच्या दहावीबद्दल बोलत बसलो. पुढे तो चालायला लागेपर्यंत आम्ही दर पंधरवड्याला जात राहिलो.

सेक्रेटरींनी गैरहजेरीचं कारण विचारलं तेव्हा मी सगळं सांगितलं. ते फार खूश झाले. पुढच्या अहवालात एक नवी ओळ आली, 'सोहार शाखा, सभासद चार'. त्यात मी आणि बायको दुसऱ्यांदा मोजलो गेलो होतो. स्टोअरकीपरचं नाव वगळून घ्यायला मला दोन बैठका लागल्या.