काकांचे कोच

"पुरावा दाखव!" असं म्हणत काका चष्मा कपाळावर सरकवायचे आणि समोरचा कागद शोधायला पळायचा. पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या छोट्या कॉलेजात शिकता शिकता मी ग्रंथालयात जुने कागद स्कॅन करायची. तिथे हे रोज सकाळी हजर. मूळचे पुण्याचे. नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका, त्यांच्या भाषेत 'बग', काढण्यात हयात गेलेली. निवृत्तीनंतर त्यांनी ध्यास घेतला तो कॉलेजच्या पहिल्यावहिल्या फुटबॉल कोचचा.

तुम्ही म्हणाल, पुण्याच्या माणसाला अमेरिकन फुटबॉलचं काय? मीही विचारलं होतं. "अगं, हा माणूस लॅटिन शिकवायचा. प्लेअर कमी पडला की बाह्या सरसावून स्वतः खेळायला उतरायचा. आणि स्टेडियमच्या भिंतीवर त्याचं नाव नाही! चालेल तुला?"

मला खुशाल चाललं असतं, पण काकांपुढे बोलणार कोण!

अनेक वर्षं ते कॉलेजच्या समितीच्या मागे लागले होते. कोच एका मोसमात एकही सामना हरला नाही, असं त्यांनी दाखवून दिलं आणि तेवढ्यावर त्याच्या नावाची पाटी मंजूर झाली. अनावरणाचा दिवसही ठरला. काका नवा कोट घेऊन आले. ग्रंथालयात सगळ्यांना दाखवून झाला.

त्या मोसमाचे वृत्तान्त कॉलेजच्या जुन्या साप्ताहिकात होते. त्यात कोणी काय केलं ते असायचं, गुणांची बेरीज नसायची. ती काकांनी केलेली. एके दिवशी त्या काळची नियमपुस्तिका स्कॅन करताना माझा हात थांबला. तेव्हा टचडाउनला, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेण्याला, आजच्यासारखे सहा नव्हे, चारच गुण होते. आणि लाथेनं केलेल्या फील्ड गोलला तीनऐवजी पाच. काकांनी टीव्हीवर शिकलेले गुण त्या जुन्या मैदानावर लावले होते! एका सामन्यात आपले दोन टचडाउन, त्यांचा एक टचडाउन आणि एक फील्ड गोल. काकांच्या हिशेबानं आपण बारा-नऊ जिंकलो. खरं तर आठ-नऊ हरलो होतो.

दोन दिवस मी ती खणात दडवून ठेवली. मग न राहवून पुस्तिका त्यांच्यापुढे ठेवली.

"काका, सोडा ना. आता कोण चेक करणारे?"

त्यांनी तीनदा बेरीज केली. "मी केलं ना चेक. बग माझाच निघाला."

तिथेच बसून त्यांनी समितीला ईमेल पाठवला. फार सभ्य उत्तर आलं: पाटी रद्द. त्या दिवशी काकांनी डबा उघडला नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अनावरण व्हायचं होतं त्या सकाळी त्यांचा फोन. "गाडी काढ."

आम्ही गावाच्या दफनभूमीत गेलो. कोचच्या कबरीपाशी काकांनी बूट काढले, ओल्या गवतात उभं राहून हात जोडले आणि चक्क मराठीत म्हणाले, "सर, बेरीज माझी चुकली, शिक्षा तुम्हाला झाली. माफ करा."

एवढा सरळ माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पुढे ते मुलीकडे अ‍ॅशबर्नला राहायला गेले. या हिवाळ्यात तिचा फोन आला. रविवारी मी एकटीच गाडी काढली, कोचच्या कबरीसमोर जाऊन उभी राहिले.

"सर," मी म्हटलं, "आमचे काका गेले."