समईचा दसरा

आमच्या कोल्हापुरातल्या एका वस्तुसंग्रहालयात दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी व्याख्यान असतं. विज्ञान आणि इतिहास हातात हात घालून. प्रवेश फुकट, वर चहा. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी एकही व्याख्यान चुकवलेलं नाही, आणि मी चहासाठी जातो असं म्हणणाऱ्यांशी मी बोलत नाही.

बनाबाई पोवार तिथल्या शिपाई. नोकरीला सत्तावीस वर्षं झालेली. खुर्च्या मांडायच्या, माईक लावून द्यायचा, चहा फिरवायचा आणि काचेला नाक लावणाऱ्याला "पावणं, जरा लांबनं" म्हणून हटकायचं. व्याख्यान मात्र त्या दाराशी उभ्या राहून शेवटपर्यंत ऐकायच्या. बसा म्हटलं तर "बसलं की झोप येती" म्हणायच्या. पुढच्या रांगेतले आम्ही खुशाल बसून झोपायचो. ऐकून ऐकून एक शब्द त्यांच्या तोंडात कायमचा बसला होता. पहारेकरी हुसेन उशिरा आला आणि गाडी पंक्चर झाल्याचं सांगू लागला की बनाबाईंचं ठरलेलं, "पुरावा दाव."

गेल्या जूनमध्ये त्यांच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते. त्या रविवारी व्याख्यानाला पुण्याहून तेजस्वी मॅडम आल्या होत्या. जुन्या धातूंचं रसायनशास्त्र हा त्यांचा विषय. बोलणार होत्या आमच्याच संग्रहालयातल्या तीनशे वर्षांच्या पितळी समईवर, जिच्या टोकाला मोर आहे. समईवरचे मळाचे कण त्यांनी प्रयोगशाळेत तपासले होते.

"मोराच्या पोटाखालच्या खाचेत आम्हाला चिंचेतलं आम्ल सापडलं," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी समया चिंचेनं घासत असत, याचा हा थेट पुरावा. लेख तयार आहे. उद्या छापायला पाठवतेय."

टाळ्या पडल्या. सगळ्यात मोठ्यानं मी वाजवल्या. शाळेत रसायनशास्त्रात नापास झालेल्या माणसाला अशा वेळी उगाच भरून येतं.

मागं कपबश्या खडखडल्या. वळून पाहिलं तर बनाबाई चहाचा ट्रे घेऊन दोन पावलं पुढं आल्या होत्या आणि हुसेन त्यांच्या कानाशी लागला होता. "आक्का, गप ऱ्हावा. तीन म्हयनं तर ऱ्हायल्यात. कोण इचारतंय?"

बनाबाईंनी ट्रे त्याच्या हातात दिला आणि खुर्च्यांमधून सरळ पुढं आल्या.

"मॅडम, ती चिंच माझी हाय."

सभागृहात हशा पिकला. बनाबाई हसत नाहीत हे दिसलं तसा तो विरला. पहिल्या रांगेत संग्रहालयाचे प्रमुख उदयसिंह साहेब बसले होते. त्यांच्या डोक्यावरच भिंतीवर पाटी होती, 'वस्तूंना हात लावू नये'. ती पाटी रोज पुसायचं काम बनाबाईंचं.

"पुराच्या सालात सगळीकडं ओल धरलीती," त्या म्हणाल्या. "समई हिरवी पडलीती. घट बसायला सहा दिस ऱ्हायलंतं. घरचा दसरा काढला, मग म्हटलं, हिचा कोण काढणार? सोमवारी बंद असतंय, तवा डब्यातनं चिंच आणली आन् घासली."

परगावच्यांसाठी सांगतो. आमच्याकडं नवरात्राआधी घर धुऊन निघतं, वाकळा-गोधड्या धुवायला नदीवर जातात, फळीवरची सगळी भांडी खाली येऊन चिंचेनं लखलखतात. याला दसरा काढणं म्हणतात. ज्या घरात दसरा निघाला नाही, त्या घरातल्या बाईकडं शेजारणी कशा बघतात ते मी पाहिलेलं आहे. सत्तावीस वर्षं बनाबाईंनी त्या इमारतीला घरच मानलं होतं, तर समई कशी सुटणार?

मॅडमचा चेहरा पडला होता. "मोराच्या पोटाखालीसुद्धा घासलंत?"

"तितं बोट जाईना. म्हणूनच तितली चिंच ऱ्हायली आसंल."

मॅडम खुर्चीत बसल्या. मला वाटलं, आता रडतात की काय. पण त्यांना हसू फुटलं, आणि ते काही केल्या थांबेना. "बाई, तुम्ही मला वाचवलंत हो," त्या म्हणाल्या. "लेख छापून आला असता आणि मग हे कळलं असतं, तर मी तोंड कुठं लपवलं असतं?"

बनाबाई मात्र तशाच उभ्या होत्या. मग इतकी वर्षं गिळून ठेवलेलं विचारलं. "समईला कायतरी झालंय का वो? मागं एका सायबांनी सांगितलं, वरचा जुना थर म्हंजी तिचं चिलखत. तवापास्नं तिच्याकडं बगवत न्हाय मला."

"थर थोडा गेलाय, ते खरं," मॅडम म्हणाल्या. "पुन्हा करू नका. पण मी क्ष-किरणांनी तपासलीय. आतून समई ठणठणीत आहे."

"सुटले बाई!" म्हणत बनाबाई पहिल्यांदाच खुर्चीवर बसल्या. मलाही एकदम हलकं वाटलं. चहा त्या दिवशी हुसेननं वाटला. गार होता, पण कुणी बोललं नाही.

उठताना उदयसिंह साहेब तेवढं म्हणाले, "मंगळवारी हे सगळं मला लेखी द्या." बनाबाईंचा चेहरा पुन्हा उतरला. मेमो येणार, जाता जाता नोकरीला डाग लागणार, असंच आम्ही सगळे धरून चाललो. त्यांनी दोन पानं लिहून दिली, आठवेल ती तारीख घालून.

पुढच्या महिन्याच्या तिसऱ्या रविवारी समईजवळ नवीन माहितीपत्रक होतं. साहेबांनी बनाबाईंना बोलावून ते वाचायला लावलं. सगळ्यात खाली लिहिलं होतं : 'पृष्ठभागावरील चिंचेचे अंश सन २०१९ मधील. बनाबाई पोवार यांनी दसऱ्यानिमित्त स्वच्छता केली. माहिती त्यांनी स्वतः दिली.'

बनाबाईंनी ते दोनदा वाचलं. डोळे पुसले. मग बोट ठेवून म्हणाल्या, "सायेब, ह्ये चुकलंय."

"काय चुकलं?"

"दसऱ्यानिमित्त सोच्छता न्हाय. दसरा काढला. मागनं येणाऱ्यास्नी खरं कळाय पायजे की."

साहेबांनी खिशातलं पेन काढलं आणि तिथंच दुरुस्ती केली.