बुधीताईंचा न काढलेला चौक

बुधीताईंची आणि माझी पहिली भेट वादाने झाली, हे त्यांच्या साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथात प्रारंभीच नोंदवलेले बरे. जपानमधल्या इचिकावातील मराठी मंडळींनी एका सभागृहात आदिवासी कला महोत्सव योजला होता आणि कलेतिहासाची प्राध्यापक म्हणून मांडणीची जबाबदारी माझ्यावर होती. गेरूने रंगवलेल्या कापडासमोर बसून एक बाई तांदळाच्या पिठात पाणी कालवत होत्या. मी म्हटले, "हे झडून जाईल. ॲक्रिलिक वापरा."

त्यांनी मान वर न करता उत्तर दिले, "झडायलाच पाहिजे, मॅडम. लग्नाचा मांडव कोणी वर्षभर ठेवतं का?"

मी ॲक्रिलिकची बाटली परत पिशवीत ठेवली.

बुधीताईंचा जन्म डहाणूकडच्या एका वारली पाड्यावरचा. यजमानांच्या बँकेच्या नेमणुकीमुळे त्या तीन वर्षांसाठी जपानात आल्या आणि इथल्याच होऊन गेल्या. आमचा महोत्सव मेच्या आरंभी, जपानी पंचांगात उन्हाळा सुरू होतो त्या सुमारास भरतो. ही वेळ त्यांनीच ठरवली. पाड्यावर तेव्हा लग्नसराई असते. "या दिवसांत हात घरात बसत नाहीत," एवढेच कारण त्यांनी समितीला दिले होते.

त्यांची शिस्त माझ्याहूनही कडक आहे, आणि हे मी सहजासहजी कुणाबद्दल लिहीत नाही. बांबूच्या काडीचे टोक चावून कुंचला त्या स्वतः करतात. विकतचा ब्रश दिसला की बाजूला ठेवतात. मात्र शिकायला आलेल्या जपानी मुलीचा त्रिकोण फसला, तर त्या खोडू देत नाहीत. "राहू दे. त्याची शेळी कर," म्हणतात आणि शेळी होते.

तिसऱ्या वर्षी मी एक चूक केली. कार्यक्रमपत्रिकेत, त्यांना न विचारता, 'लग्नचौकाचे प्रात्यक्षिक' असे छापले. वारली लग्नात सवाष्णी भिंतीवर चौक काढतात आणि लग्न लावणारी धवलेरी गाऊन पालघाट देवीला त्यात बोलावते, हे मी अनेक व्याख्यानांत सांगितले होते. बुधीताईंनी पत्रिका वाचली.

"लग्न कुणाचं?"

"कुणाचं नाही. हे प्रात्यक्षिक आहे."

"मग देवीला काय सांगू? प्रात्यक्षिकाला ये?"

सभागृह हसले. चौकासाठी टांगलेले मधले कापड त्या वर्षी कोरे राहिले, आणि त्यानंतर दर वर्षी कोरेच राहिले. तो चौक त्यांनी लेकीसाठी, मंगलसाठी, राखून ठेवला होता, हे मला पुढे कळले.

माझी आई पुण्यात निवर्तली तेव्हा मला वेळेवर पोहोचता आले नाही. बुधीताई सायकलवरून आल्या. तांदळाची पेज केली, समोर ठेवली आणि जाताना माझा कचरा इथल्या नियमांप्रमाणे पुन्हा वेगळा केला. "बाटल्यांची झाकणं काढायची असतात, मॅडम. एवढ्या शिकलात!" आठ दिवसांत मी पहिल्यांदा हसले.

मंगल इथेच वाढली. गेल्या वर्षी तिने आणि केन्ताने दुपारच्या सुट्टीत नगरपालिकेत जाऊन लग्नाची नोंद केली. महोत्सवाच्या तयारीच्या वेळी तिने आईला सांगितले, तेव्हा मी तिथेच होते.

"आई, बारा मिनिटांत झालं. नंबरसुद्धा लवकर आला."

"रेशनकार्डाला जास्त वेळ लागतो गं," बुधीताई म्हणाल्या. जावयाला त्यांनी लाडू भरवला. मग पाठ फिरवून त्या बराच वेळ पीठ कालवत राहिल्या. पीठ केव्हाच कालवून झाले होते.

मला राहवले नाही. पाड्यावरच्या धवलेरी या बुधीताईंच्या मावशी. वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्या गाण्यावर इथेच चौक काढता यावा म्हणून त्यांना फोनवरून पडद्यावर आणण्याची व्यवस्था मी केली. मावशी गाऊ लागल्या, बुधीताईंनी काडी उचलली, आणि आवाज तुटू लागला. एक ओळ आली, दुसरी गेली. बुधीताईंनी काडी खाली ठेवली.

"थांबवा, मॅडम. अर्ध्या गाण्यावर अर्धी देवी आली, तर उरलेली कुठे शोधू?"

त्या क्षणी मंगल मराठीत, अडखळत, म्हणाली, "आई, आपण तिकडे जाऊ ना. मावशीआजीसमोर. मी रजा मागते."

येत्या वैशाखात पाड्यावर ते लग्न पुन्हा लागायचे आहे. मावशींचा आवाज मात्र बसत चालला आहे. दर रविवारी बुधीताई फोन करतात आणि तब्येत विचारण्याआधी म्हणतात, "मावशी, गाऊन दाखव." पलीकडून एखादी ओळ येते. अलीकडे अर्धीच येते.

मलाही आमंत्रण आहे. "या, पण वही आणू नका. भिंत सारवायला माणसं कमी आहेत." शेणाला मी आयुष्यात हात लावलेला नाही; तरी जाणार आहे.

बुधीताईंना साठीनंतर उदंड, निरामय आयुष्य लाभावे, त्यांचा हात असाच स्थिर राहावा, ही आपणा सर्वांची इच्छा आहेच. आज मात्र, त्यांची क्षमा मागून, त्याआधी एक मागणे मागते: पाड्यावरच्या मावशींचा आवाज वैशाखापर्यंत टिको.