बाईंचे दोन जादा प्रश्न

समोरच्याला तोंडावर "तुमी जुगार खेळता का?" असं विचारून वर त्याच्याच घरचा चहा पिऊन येणारी बाई उभ्या सोलापूर जिल्ह्यात एकच आहे, आणि माझं नशीब थोर म्हणून ती माझ्या वाट्याला आली. व्यसनमुक्ती केंद्रात त्या समुपदेशक होत्या. आम्ही त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचो. केंद्राच्या छापील फॉर्मवर दारू, तंबाखू, गांजा सगळ्यांची चौकशी असे. बाई खाली पेनानं स्वतःचे दोन प्रश्न वाढवायच्या. पैसे लावताना दर वेळी आणखी जास्त लावावेसे वाटले का? आणि किती लावले, हे घरी कधी खोटं सांगितलं का? पेशंट असो की त्याला सोडायला आलेला मेहुणा, सगळ्यांना एकच माप. मंडईत गवारीचा भाव करता करता त्यांनी भाजीवाल्यालाही विचारलं म्हणे. त्यानं मूठभर गवार जास्त घालून विषय मिटवला. "डॉक्टरांनाबी विचारलंय मी," बाई अभिमानानं सांगायच्या. "न्हाई म्हणाले. पण जरा थांबून म्हणाले!" चौकशी चालू असताना त्या भुईमुगाच्या शेंगा सोलत बसत आणि आपल्यालाही सोलायला लावत. रिकाम्या हातांनी बसलेला माणूस लवकर खोटं बोलतो, असं त्यांचं मत होतं. त्यामुळे केंद्रातली एकही फाइल टरफलं झटकल्याशिवाय उघडता येत नसे.

मी तिथं दुसऱ्या खेपेला आलो होतो. पहिल्या खेपेला दारू सोडून नवरदेवासारखा घरी गेलो आणि दोन महिन्यांत पुन्हा पिऊ लागलो. या वेळी भरती करताना बायको शांतपणे म्हणाली, "आता परत प्यालात, तर पोरीला घेऊन मी वळसंगला म्हायेरी जाते." ती बोलते तसं करते. तरीही बाईंच्या दोन्ही प्रश्नांना मी बेधडक "छे, छे!" म्हटलं. दारू तोंडाच्या वासानं पकडली जाते. मोबाइलवरच्या रमीला वास नसतो. पहिल्या खेपेला मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही कशाला सांगू?

तिसऱ्या आठवड्यात मला तरतरी आली. मोबाइल जमा केलेला, मग मी बिस्किटांवर पैजा सुरू केल्या. नळाला पाणी आज येणार की उद्या? पुढची भाकरी फुगणार की नाही? वॉर्ड हसता ठेवतो म्हणून माझं कौतुकही झालं. एका दुपारी बाई आपल्या डब्यातली शेंगाचटणी पणाला लावून खेळायला बसल्या. सगळेच हरले, मी तर तीनदा ओळीनं. बाकीचे हसत हसत हात धुवायला गेले. मी शेजाऱ्याचं बिस्कीट उसनं घेतलं आणि म्हणालो, "अजून एक डाव!"

बाईंनी डबा बंद केला. "हरल्यावर सगळी उठली. तुमी मात्र पाट पुढं वढला. खरं सांगा, बाटली उघडायच्या आदी हातात काय असायचं?"

मी भडकलो. तुम्हाला सगळीकडं जुगारच दिसतो, असंही म्हणालो. त्यांनी मूठभर शेंगा पुढं केल्या. अर्धी मूठ संपली तेव्हा मी सांगून टाकलं : जिंकलो की आनंदानं प्यायचो, हरलो की विसरायला. "मग दारू एकटीच कशी सुटंल?" बाई म्हणाल्या. "दोनीचा इलाज संगंच करायचा की!" लगेच बायकोला बोलावून त्यांनी मला सगळं तिच्यासमोर बोलायला लावलं. तिनं पदरात पडलेली टरफलं झटकली. मग म्हणाली, "मला वाटायचं, फोनवर दुसरी कुणी बाई हाय." आणि रडता रडता हसायला लागली.

माझा मुक्काम वाढला, औषध दोन्हींवर झालं. बायको वळसंगला जाते, पण फक्त सणाला.

गेल्या महिन्यात बाई निवृत्त झाल्या. आम्ही तिघं भेटायला गेलो. मी सहज विचारलं, "हे दोन प्रश्न तुम्हाला कुठं मिळाले?"

"शिकताना पाठ केले व्हते की," त्या म्हणाल्या. "मग आमच्या मालकांची दारू सुटली. आमी पेढे वाटले. पत्त्यांचा नाद तसाच व्हता, पर कुणी विचारलं न्हाई. मीबी न्हाई. त्यांनी जीव दिला, त्या दिवशीसुदिक प्यालेले नव्हते हो."

त्या गृहस्थांना मी कधी पाहिलं नाही. पण त्यांना जे कुणी विचारलं नाही ते मला विचारलं गेलं, म्हणून माझी बायको आणि मुलगी त्या दिवशी माझ्या शेजारी बसल्या होत्या. हे बाईंना सांगायचं होतं. मी नुसता वाकून त्यांच्या पाया पडलो.